विहीणबाईंची डबी

त्या रविवारी विहीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत आम्ही चार जणं होतो. माझा लेक दिलीप, माझी सून वैशाली, वैशालीची आई म्हणजे माझ्या विहीणबाई, अन् दाराजवळच्या खुर्चीत मी. टेबलावर कॉम्प्युटर होता, त्याच्या शेजारी हातरुमालावर ती काळी डबी ठेवलेली होती, अन् त्या डबीत आमचे व्याही होते. त्यांना धरलं तर पाच. व्याही वारून तीन वर्षं झाली होती, पण त्यांना धरावंच लागतं, कारण त्या दिवशी सगळ्यांचा जीव त्यांच्यापायी टांगणीला लागला होता. तो घोळ कोणामुळं झाला ते मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, अन् कळल्यावर मी दोन दिवस गप बसले. ते सांगायलाच हे लिहिते. पण आधी विहीणबाई सांगाव्या लागतील, त्याशिवाय डबी कळायची नाय.

साऱ्या नाशिकमधे विहीणबाईंएवढं जपून ठेवणारं माणूस दुसरं नाय, अन् असलंच तर ते विहीणबाईंनीच, आपलं काय बरंवाईट झालं तर असावं म्हणून, बाजूला काढून ठेवलेलं असंल. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू दोन. मिठाच्या बरण्या दोन, पोळपाट दोन, चष्मे दोन, एक गळ्यात अन् एक फ्रीजमधे अंड्यांच्या कप्प्यात. फ्रीजमधे कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "ताई, दुसरीकडे कुठे ठेवला तर विसरीन. दुधासाठी फ्रीज उघडावाच लागतो." घड्याळं दोन. पहिलं पावणेसहाला वाजायचं, दुसरं पाच मिनिटांनी, पहिलं वाजलं होतं का ते विचारायला. घराची एक किल्ली आमच्याकडं वरती, एक समोरच्या मेडिकलवाल्याकडं, अन् तिसरी कढीपत्त्याच्या कुंडीत. चोराला कळू नये म्हणून त्या कुंडीवर लिहून ठेवलेलं, 'इथे किल्ली नाही.' हे लिहायला त्यांच्याकडं दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी असायची. साऱ्या घराला त्या पट्ट्या. डब्याच्या झाकणावर 'हे दुसऱ्या डब्याचं', दिव्याच्या बटणावर 'हा नाही', त्याच्या शेजारच्या बटणावर 'हाही नाही'. एकदा मी खाली गेले तर व्याह्यांच्या पाठीला पण पट्टी. मी वाचायला जवळ गेले तर ती खरीच दुखण्याची निघाली.

एकदा आम्ही दोघी एसटीनं त्र्यंबकला गेलो. निघताना बाईंनी गॅसचं बटण बंद केलं त्याचा मोबाईलवर फोटो काढला, नळ बंद केला त्याचा फोटो काढला, कुलूप लावलं त्याचा काढला, अन् कुलूप ओढून बघितलं तर ओढणाऱ्या हाताचा पण काढला. सातपूर येईस्तोवर त्या फोटो पुढं-मागं करत बसलेल्या. मी खिडकीतनं डोंगर बघत होते. म्हणल्या, "ताई, हे बघा, बंद दिसतंय ना?" मी म्हणले, "दिसतंय." पुढं अंजनेरीला परत तेच. शेवटी देवापुढं उभं राहिलो, मागं एवढी गर्दी लोटलेली, तर बाईंनी आधी मोबाईलात कुलूप बघितलं अन् मग डोळे मिटले. मी म्हणले, "काय मागितलं?" तर म्हणल्या, "मागायचं काय. सांगितलं फक्त, की घर बंद आहे."

बाई शाळेच्या ऑफिसात कारकून होत्या, तिथं कॉम्प्युटर शिकल्या. रिटायर झाल्यावर घरी घेतला. त्याला क्रोशाचं झाकण. त्याच्यापुढं बसताना चांगली साडी, हातात घड्याळ, पायात चप्पल नाय. अन् दर गुरुवारी ती काळी डबी कॉम्प्युटरला जोडून त्याच्यातलं सगळं डबीत उतरवून घ्यायचं. फोटो, कागदं, वैशालीच्या लहानपणीच्या गोष्टी, सगळं. आपण म्हणतो ना, आज माझा उपास हाय, तसं बाई म्हणायच्या, "आज माझा बॅकअप आहे." मग त्या दिवशी कोणी हाक मारायची नाय, मिक्सर लावायचा नाय. ते झालं की डबी काढायची, तर ती पण अशी एकदम ओढायची नाय. आधी कॉम्प्युटरला विचारायचं, तो बरं म्हणला की काढायची. एकदा मी टेबल पुसताना हात लावला तर बाईंनी माझा हात धरला. "थांबा ताई, ती अजून आत आहे. तिला नीट निरोप द्यावा लागतो."

हे सगळं मी हसत सांगते, पण तेव्हा मी जळायचे. खोटं कशाला बोलू. माझ्याकडं कधी कुठली वस्तू दोन नव्हती. आम्ही चांदवडच्या बाजूचे. तिसरीत शाळा सुटली, ती सुटलीच. मालक मार्केटात हमालीला, मी कांदे निवडायला. मालक गेले तेव्हा दिलीप सहा वर्षांचा होता. पाचव्या दिवशी मी परत कांद्याच्या ढिगावर बसले, तिथं डोळ्याला पाणी आलं तर कोणी विचारत नाय, तेवढं बरं होतं. एक पातळ अंगावर अन् एक दोरीवर. दोन वेळा घर बदललं, एक वेळा घरात पाणी आलं, तेव्हा पेटी गेली. मालकांचा एकच फोटो राहिला, कसल्यातरी फॉर्मावरचा, अन् त्याच्यावर ऑफिसवाल्यानं असा शिक्का मारलाय की अर्धं तोंड शिक्क्यात. डावा डोळा अन् मिशी एवढेच माझे. बाकी सरकारचं.

अन् दिलीप शिकला, अंबडला कंपनीत लागला, लग्न केलं, तर फ्लॅट कुठं घेतला, सासूच्या डोक्यावर दोन मजले. सासूला म्हणतो मम्मी. मला आई म्हणतो, ते बरोबरच हाय, पण मम्मी म्हणताना त्याचा आवाज कसा वेगळाच निघतो. फॉर्म भरायचा, मम्मींना विचारतो. डोकं दुखलं, मम्मींकडं दोन गोळ्या असतात. मला विचारतो, "आई, जेवली का?" जेवलेच असते मी. त्याच्यात विचारण्यासारखं काय असतं.

पण ह्या सगळ्यापेक्षा जास्त मी जळायचे ती सकाळी साडेसातला. त्या वेळेला मी आमच्या गॅलरीत वेणी घालायला बसायचे, अन् खालच्या खिडकीतनं व्याह्यांचा आवाज यायचा. मेलेल्या माणसाचा. बाईंनी नवा माईक घेतला होता, तो चालतो का ते बघायला चालू करून ठेवला होता, अन् तेवढ्यात व्याही आतल्या खोलीतनं भांडत आले, ते सगळं त्याच्यात गेलं. व्याही चित्रकलेचे मास्तर होते, लय शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा नेलकटर सापडत नव्हता.

"माझा नेलकटर कुठंय?"

"शेल्फात."

"शेल्फात नाही."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. नाही."

"मग दुसऱ्या शेल्फात."

मग व्याह्यांचं ते लांबलचक वाक्य, "अगं, तू सगळं दोन-दोन ठेवतेस ना, म्हणून ह्या घरात एकही सापडत नाही." मग बशीत चहा ओतल्याचा आवाज, फुर्र करून प्यायल्याचा, कुकरची शिट्टी, अन् संपलं. चार मिनिटं असंल. बाई हे रोज लावायच्या. नुसत्या ऐकायच्या नाय, त्यांची वाक्यं त्या परत म्हणायच्या, रेकॉर्डातल्या स्वतःच्या आवाजावर आवाज चढवून. तीन वर्षं झाली, नेलकटर सापडला नाय अन् बाई हटल्या नाय. बिल्डिंगमधले लोक हसायचे. वैशाली म्हणायची, "मम्मी, अगं, शेजारी ऐकतात." तर बाई म्हणायच्या, "ऐकू देत. चूक ह्यांची आहे."

मी पण हसायचे. अन् मनात म्हणायचे, बाई, तुझं माणूस मेल्यावर पण तुझ्याशी भांडतं, माझं जिवंतपणी पण दमून झोपून जायचं.

आता वायरीचं सांगते. दिलीपनं मला भजनांचा छोटा रेडिओ आणला होता. त्याला करंट द्यायची जी वायर होती ती भोकात ढिली बसायची. उशीखाली दाबून ठेवली तर चालायची, नाय तर रेडिओ मधेच मुका. त्या आधीच्या शनिवारी बाई बँकेत गेल्या होत्या, अन् झाडांना पाणी घालायला मला सांगून गेल्या होत्या. मी पाणी घातलं, टेबल पुसलं. डबीची पिशवी उघडी होती, त्याच्यात वायर. तशीच काळी, तेवढीच लांब, तीच तोंडं. सहज वर नेऊन रेडिओला लावून बघितली तर टक् करून बसली, जशी त्याच्यासाठीच केलेली. मला वाटलं, हिच्याकडं सगळं दोन-दोन, मला एक बरी वायर नसावी? वायर ती वायर, त्यांच्या डबीच्या भोकात माझी बसंल. खाली जाऊन माझी ठेवून दिली. आता चोरी म्हणा. पण ह्याच्यापेक्षा वाईट पुढं हाय. बाईंच्या वायरीवर पट्टी होती, 'डबीची. हीच. दुसरी लावू नये.' ती पट्टी मी नखानं अलगद सोडवली अन् माझ्या वायरीला चिकटवली. दाबून पण बघितली.

अन् दुसऱ्या दिवशी तो रविवार. बाईंचा कॉम्प्युटर कितीतरी महिने पडद्यावर लिहून दाखवायचा की मी जुना झालो, मला नवीन करा. दिलीपनं सुटीचं काम काढलं. म्हणला, "मम्मी, जुन्याच्या वरच नवं घातलं तर अडकून बसंल. साफ पुसून नवं घालतो. सगळं डबीत हाय ना?"

"दोनदा आहे," बाई म्हणल्या.

दिलीपनं पुसला. दुपारपर्यंत नवं बसलं, पडद्यावर निळं-निळं चित्र आलं, वैशालीनं भजी केली. मग बाईंनी पदर खोचला, हात धुतले, अन् डबी जोडली. डबीचा दिवा लागला. सगळे पडद्याकडं बघत बसलो. पडद्यावर काहीच नाय. डबी जोडली की कॉम्प्युटर टुंग करतो, ते पण नाय.

दिलीपनं मागच्या भोकात लावली, पुढच्या भोकात लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नवीन सिस्टिमला जुनी डबी ओळखू येत नसंल म्हणून मोबाईलवर वाचून कायकाय बदललं. बाई वहीत लिहीत होत्या. 'पुढचं भोक, नाही. मागचं भोक, नाही. बंद-चालू, नाही. दहा मिनिटं थांबून, नाही.' प्रत्येक इलाज दोनदा, अन् दोनदाची नोंद. डबी कोरड्या फडक्यानं पुसली, खिडकीत उन्हाला ठेवली, परत लावली. वहीचं पान भरलं. एवढे इलाज केले, पण वायर कोणी बदलून बघितली नाय, कारण वायरीवर पट्टी होती, अन् त्या घरात पट्टी म्हणजे शेवटचा शब्द.

शेवटी दिलीप म्हणला, "बरं मम्मी, दोनदा हाय म्हणला ना. दुसरी डबी कुठंय?"

"दुसरी कुठली? ह्याच डबीत आहे ना. एक 'सगळं', आणि एक 'सगळं परत'."

वैशालीनं भज्यांची ताटली उचलून आत नेली. मग दिलीप हळूच म्हणला, "मम्मी, अहो, दोन्ही बरण्या एकाच पिशवीत घेतल्या, अन् पिशवीच पडली." मोबाईलात तरी असंल, असं मी म्हणले, कारण काहीतरी बोलायला पाहिजे. बाई म्हणल्या, "मोबाईलातलंही काढून डबीत ठेवलंय ताई. मोबाईल हरवतो."

सोमवारी दिलीपनं रजा घेतली, मला सोडून तिघं गावात एका दुकानात गेले; तिथलं मला वैशालीनं सांगितलं. बाई डबी दोन्ही हातांत धरून बसलेल्या, जसं नव्या बाळाला दवाखान्यातनं आणतात. दुकानदारानं स्वतःची वायर लावायला घेतली तर बाईंनी लावू दिली नाय. "तिला दुसरी चालत नाही. पट्टी वाचा." त्यानं वाचली. डबीचा दिवा बघितला. म्हणला, "आजी, दिवा लागतोय म्हणजे वायर बरोबरच हाय. डबी आतून गेली. उघडावी लागंल. निघंल पण, नाय पण निघणार." बाईंनी विचार करायला वेळ मागून घेतला. गुरुवारी आणून देते म्हणल्या.

त्या दिवशी सारी बिल्डिंग बाईंकडं चहा घेऊन येत होती. कोणी शिरा आणला. बाई नुसत्या मान हलवायच्या. मी पण जाऊन बसले, अन् बसल्या-बसल्या जळत होते. माझं आख्खं माणूस गेलं तेव्हा कोणी शिरा केला नाय. इथं चार मिनिटांचं भांडण गेलं तर लोकांना बसायला खुर्च्या कमी पडत होत्या.

संध्याकाळी जेवताना दिलीप वैशालीला म्हणाला, "कधीकधी वायरीचं पण असतं गं. त्या स्वस्तातल्या वायरी नुसता करंट नेतात, आतली माहिती नेतच नाय. दिवा लागतो, पण पुढं काही नाय. पण मम्मींची वायर ती असायचीच नाय, पट्टी हाय तिला."

माझा घास हातातच राहिला. वैशाली म्हणली, "आई, तिखट झालं का?" मी म्हणले, "नाय."

खरं तर तिथंच उठायला पाहिजे होतं. दोन जिने उतरायचे, एवढंच काम. मी नाय उठले. मंगळवारी सकाळी साडेसातला वेणी घालायला बसले, खालची खिडकी गप. बुधवारी पण गप. मला बरं वाटलं. जे वाटलं ते लिहिते. मला वाटलं, आता आम्ही सारख्या झालो. आता कळू दे, घरात कोणी भांडायला नसलं की सकाळ कशी असते. गुरुवारी बाई ती डबी उघडायला देणार होत्या हे मला माहीत होतं, उघडली की बिघडंल हे पण माहीत होतं. तरी मी उशाशी रेडिओ लावून भजन ऐकत होते, अन् तो एकदा पण मधे मुका झाला नाय.

गुरुवारी साडेसातला खालनं बाईंचा आवाज आला.

"शेल्फात."

मी फणी थांबवली. मला वाटलं सापडलं. मग काहीच नाय. अन् मग परत बाईच, "नीट बघा." मग गप. मोजून तेवढाच वेळ गप, व्याह्यांना बोलायला जेवढा लागायचा तेवढा. "मग दुसऱ्या शेल्फात." मग ते लांब वाक्य होतं व्याह्यांचं, त्याची सगळी जागा बाईंनी सोडली. तेवढा वेळ मी पण फणी धरून बसले. वाक्य जिथं संपतं तिथं बाई बारीक हसल्या. मग त्यांनी स्वतःच बशीत चहा ओतला.

मी वेणी तशीच अर्धी ठेवून रेडिओची वायर उपसली अन् खाली गेले.

बाई दुकानात जायला तयार होत्या. डबी पिशवीत, पिशवी मांडीवर. मी वायर टेबलावर ठेवली. म्हणले, "ही तुमची. तुमच्याजवळ हाय ती माझी. पट्टी मी बदलली."

बाईंनी गळ्यातला चष्मा लावला. माझी वायर बघितली, त्यांची बघितली. जुनी पट्टी जिथं असायची तिथं डिंकाचा डाग होता, त्याच्यावरनं बोट फिरवलं. मग डबी काढली, त्यांची वायर लावली, अन् कॉम्प्युटर टुंग झाला. पडद्यावर आलं, 'सगळं', अन् त्याच्याखाली 'सगळं परत'.

मला वाटलं आता व्याह्यांचं भांडण लावतील. नाय लावलं. खुर्ची माझ्याकडं वळवली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी जेवताना."

"आज गुरुवार आहे."

"हो."

"काय करत होतात मधे?"

"वेणी घालत होते," मी म्हणले. आता खरं तेच होतं. अन् मग मला काय झालं कोणास ठाऊक, मी कधी कोणाजवळ बोलले नाय ते बोलून गेले. म्हणले, "तुमचं माणूस बोलतं विहीणबाई. माझं बोलत नाय. मला तर त्यांचा आवाज आता आठवत पण नाय नीट. जाड होता एवढं आठवतं. कसा जाड, ते गेलं."

बाई बराच वेळ कॉम्प्युटरच्या क्रोशाच्या झाकणाची घडी घालत बसल्या. मला वाटलं रडतील नाय तर हाकलून देतील. त्यांनी वही ओढली, नवं पान काढलं, वर तारीख टाकली.

"ते कुठे कुठे बोलायचे?"

"कोण?"

"तुमचे मालक. माणूस घरात बोलत नसेल, पण बाहेर कुठे तरी बोलत असेलच. एवढं मोठं माणूस. कुठे तरी उमटलं असणार."

मी म्हणले, "अहो, हमाल माणूस. त्यांचा आवाज कोण कशाला ठेवंल?"

"मुद्दाम नाही ठेवत कोणी. माझा तरी मुद्दाम कुठे होता. सांगा, लिहिते."

मग मी आठवत गेले. मार्केटात ओरडायचे, पण तिथं कोण रेकॉर्ड करतंय. मग आठवलं, लग्नं. गावात कोणाचं लग्न असलं की वाढायला मालकांना बोलवायचे. हातात बादली, अन् पंगत बसली की त्यांचा आवाज मांडवाच्या बाहेर जायचा. माईक नसला तरी चालायचं. मालक जायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत लग्नात व्हिडिओवाले नुकते यायला लागले होते, मोठा दिवा घेऊन. बाईंनी पेन टेबलावर ठेवला अन् म्हणल्या, "झालं. कॅसेट."

त्या दिवसापासनं बाई मागं लागल्या. माझ्यावर रागवायचं राहूनच गेलं त्यांचं, म्हणजे रागवल्या, पण एकदाच. माझ्या वायरीवर नवी पट्टी लावून दिली, 'ताईंची. नुसता करंट.' दिलीपला अन् वैशालीला त्यांनी वायरीचं खरं सांगितलं नाय. "जोडणी सैल होती," म्हणल्या. दिलीप अजून सगळ्यांना सांगतो की मम्मींनी डबी स्वतः दुरुस्त केली.

आम्ही दोघी दोन वेळा चांदवडला जाऊन आलो. कुलपाचे फोटो काढून. माझ्या पुतणीच्या लग्नाची कॅसेट तिच्या माळ्यावर निघाली, पांढरी बुरशी धरलेली. बाईंनी ती मऊ फडक्यात बांधून आणली, गावातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्याकडनं साफ करून डबीत घेतली. मग एका दुपारी आम्ही दोघी त्यांच्या टेबलापुढं बसलो. मला पण बाईंनी चप्पल काढायला लावली.

मालक दिसले. पस्तीस-छत्तीस वर्षांनी. आख्खं तोंड. डोक्याला रुमाल, हातात बुंदीची बादली, माझ्या पोरापेक्षा लहान वयाचा माणूस. पंगतीच्या तोंडाशी उभे राहतात, मान वर करतात, अन् तोंड उघडतात. अन् व्हिडिओवाल्यानं त्याच्यावर गाणं लावलंय. त्या काळी लग्नाच्या कॅसेटला सगळीकडं गाणी भरून द्यायचे, ते चांगलं दिसायचं. तोंड हलतं मालकांचं अन् आवाज कुठल्यातरी गाणारणीचा.

बाईंनी ते परत लावलं. परत लावलं. आवाज बंद करून लावलं. चष्मा पुसून जवळ गेल्या. "ताई, हे 'बसा' म्हणतायत की 'वाढा'?"

मी म्हणले, "वाढा नाय. ओठ बघा. सावकाश म्हणतात. 'सावकाश होऊ द्या मंडळी, घाई कोणाला नाय.' हेच म्हणायचे नेहमी."

"आता आठवलं?"

"शब्द आठवले," मी म्हणले.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. बाई आता थकल्यात. मोतीबिंदू झालाय, एकच डोळा करून घेतला, दुसरा राहू देत म्हणतात. कॉम्प्युटरपुढं बसतात पण अक्षर लागत नाय, मग मला बोलवतात, अन् मी तिसरीपर्यंतची, एकेक अक्षर लावून वाचून दाखवते. साडेसातला खालनं आवाज येतो. मी अजून जळते. तेवढं काही गेलं नाय. फक्त आता मी वेणी खाली जाऊन घालते.

तर माझं एवढंच म्हणणं हाय. चांदवड, देवळा, उमराणा त्या बाजूला तुमच्या घरात कोणाच्या लग्नाची जुनी कॅसेट असंल, अन् तिच्यात पंगतीच्या वेळेला गाणं भरायचं राहून गेलं असंल, तर ती टाकू नका. एकदा लावून ऐका. कोणी जाड आवाजात म्हणत असंल, सावकाश होऊ द्या मंडळी, घाई कोणाला नाय, तर मला निरोप द्या. मी ऐकायला येईन.